मान कुठे वळली आहे, ते आधी पाहा

मानखुर्दचं गावठाण, महाराष्ट्र नगर, मंडाळे, पलीकडे ट्रॉम्ब्याचा कोळीवाडा आणि चिता कॅम्प. या पट्ट्यात दाराशी चार-सहा कोंबड्या बाळगणारी घरं अजून आहेत. पत्र्याच्या भिंतीला टेकवलेलं खुराडं, पिल्लांवर झाकायला डालं, सकाळी दार उघडलं की गल्लीत पांगणाऱ्या आणि दिवेलागणीला आपल्या पायांनी परतणाऱ्या गावठी कोंबड्या. त्यांतली एखादी आजारी पडली की बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. मेडिकलमधून एखादी कॅप्सूल आणून ती पाण्यात फोडायची, नाही तर ‘ही काही जगत नाही’ म्हणत संध्याकाळच्या आत कापायची. या दोन्हींच्या आधी एक काम राहून जातं. तपासाचं. त्याला यंत्र लागत नाही, फक्त कोणत्या क्रमाने काय पाहायचं ते माहीत असावं लागतं.

पहिली अडचण कोंबडीच्या स्वभावातच आहे. ती दुखणं लपवते. ज्या प्राण्याला घारीने, मांजराने, मुंगसाने उचलायची भीती असते, त्याला कमजोर दिसणं परवडत नाही. शिवाय तिला स्वतःच्या कळपाचीही भीती असते. थॉर्लिफ श्येल्डरप-एब या नॉर्वेच्या अभ्यासकाने 1920च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. आजारी कोंबडी या उतरंडीत घसरते, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा आव आणते. डोळे मिटून, पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली कोंबडी तुम्हाला आज दिसली असेल, तर आजार बहुधा काही दिवसांपूर्वीच सुरू झालेला असतो. त्यामुळे खरं निरीक्षण आजारी कोंबडीचं नव्हे, निरोगी कोंबडीचं करायचं, आणि रोज करायचं. सकाळी खुराड्यातून पहिली कोण येते, दाण्यावर कोण कोणाला ढकलते, नेहमी धावत येणारी आज मागे का राहिली. दाणे टाकल्यानंतरची दोन मिनिटं नीट पाहिली तरी यातलं बरंच कळतं.

मग हातात घ्यायची. अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा हे सोपं जातं. छातीच्या मधोमध जे उभं हाड लागतं, त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. ते हाड सुरीच्या पातीसारखं टोचत असेल तर पिसांच्या फुगाऱ्याखाली कोंबडी वाळलेली आहे. मानेच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती भरलेली, कडक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर अन्न पुढे सरकलेलं नाही. गल्लीत चरणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत त्याचं कारण पुष्कळदा प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, सुतळी किंवा केसांचा गुंता असतो. तुरा पाहा. फिकट पांढुरका तुरा रक्त कमी असल्याचं सांगतो, आणि तशा वेळी पंखांखाली व शेपटीच्या बुडाशी उवा शोधायच्या. रक्त पिणारे लाल किडे आणि गोचिड्या मात्र दिवसा अंगावर सापडणार नाहीत. त्या खुराड्याच्या फळ्यांच्या फटींत लपतात आणि रात्री बाहेर येतात. बॅटरी घेऊन रात्री फटी तपासल्याशिवाय त्यांचा पत्ता लागत नाही.

विष्ठा पाहायला किळस वाटते, पण तिथे सगळ्यांत जास्त माहिती असते. कोंबडीला वेगळी लघवी नसते. विष्ठेवरची पांढरी टोपी म्हणजे तिची लघवीच, घट्ट झालेली. दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची विष्ठा येते. ती आंधळ्या आतड्यांतली असते आणि ती नॉर्मल आहे. तिला हगवण समजून औषध देणारे बरेच असतात. हिरवीगार पातळ विष्ठा मात्र गंभीरपणे घ्यायची. पोटात अन्न नसताना नुसतं पित्त बाहेर पडतं तेव्हा ती हिरवी दिसते. म्हणजे कोंबडी खात नाही. का खात नाही, हा त्यापुढचा प्रश्न.

काही गोष्टी आजार नसतात, हेही इथेच सांगायला हवं. खुडूक झालेली कोंबडी दिवसभर अंड्यांवर दबून बसते, खाणं कमी करते, हात लावला की फुगून ओरडते. ती आजारी नाही. वर्षातून एकदा पिसं गाळणारी कोंबडी उघडीबोडकी दिसते आणि अंडी थांबवते. तीही आजारी नाही. हिवाळ्यात अंडी कमी होतात, कारण भरपूर अंडी द्यायला कोंबडीला दिवसाला साधारण 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात मुंबईचा दिवस 11 तासांच्या आसपास असतो. या तीन गोष्टींवर औषध देणं म्हणजे निरोगी जनावराला विनाकारण औषध पाजणं. त्या औषधाचा अंश त्याच घरातल्या मुलांच्या अंड्यात उतरतो. कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक. ते कोंबड्यांना आणि इतर खाद्यप्राण्यांना देण्यावर भारत सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, ती अशाच वापरातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात म्हणून.

आता मानेकडे येऊ. मान वाकडी झालेली कोंबडी दिसली की जुन्या माणसांच्या तोंडी एकच शब्द येतो, मानमोडी. मानमोडी म्हणजे राणीखेत. हा विषाणूचा रोग 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ ओळखला गेला. त्यानंतर लगेच कुमाऊँमधल्या राणीखेत इथे तो सापडला आणि भारतात त्याला तेच नाव चिकटलं. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर बहुतेक सगळ्या कोंबड्या नेऊ शकतो. पण वाकडी झालेली प्रत्येक मान राणीखेतची नसते. तीन वेगवेगळी कारणं मानेला तीन वेगवेगळ्या प्रकारे वाकवतात, आणि हा फरक कोणालाही डोळ्यांनी ओळखता येतो.

राणीखेतमध्ये मान पिळवटते. डोकं एका बाजूला किंवा उलटं फिरतं, कोंबडी गोल गोल फिरते, पाय-पंख लुळे पडतात. पण मान वाकण्याच्या आधी किंवा तिच्याबरोबर बाकीची लक्षणं असतात. तोंड उघडून श्वास घेणं, घरघर, हिरवी पातळ विष्ठा. आणि रोग एकीवर थांबत नाही. एका पक्ष्यापासून सुरू होऊन आठवडाभरात शेजारच्या खुराड्यांपर्यंत पोचतो. जगलेल्या एखाद्या कोंबडीची मान महिनोन्महिने तशीच राहते.

दुसरी मान मागे जाते. कोंबडी बसल्या जागी डोकं पाठीकडे नेऊन आकाशाकडे पाहत असल्यासारखी दिसते. ही बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता. ती कशी सापडली, ही विज्ञानातली मला सर्वांत आवडणारी तपासकथा आहे, आणि ती सापडली ती कोंबड्यांमध्येच. 1880च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या. त्याला वाटलं, लागण झाली. मग काही महिन्यांनी, त्याने काहीही न करता, त्या बऱ्या झाल्या. दुसऱ्या कोणी सुटकेचा श्वास टाकून विषय सोडला असता. आइकमानने विचारलं, या काळात बदललं काय? चौकशी केल्यावर कळलं की कोंबड्यांना काही महिने लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. सैनिकांचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला नव्या आचाऱ्याने नकार दिला, त्यांना साधा, पॉलिश न केलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या उभ्या राहिल्या. तांदळाच्या कोंड्यात असं काही होतं, जे पॉलिश केल्यावर निघून जात होतं. सुरुवातीला आइकमानलाही याचा अर्थ पूर्ण उमगला नव्हता. पांढऱ्या भातातच काही विषारी असावं असा त्याचा समज होता, आणि अन्नात काहीतरी कमी पडतंय हे नीट मांडलं ते त्याच्या जागी आलेल्या खेरिट ख्राइन्सने. 1929 मध्ये आइकमानला नोबेल मिळालं.

मानखुर्दमध्ये ही कथा जुनी नाही. गल्लीत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, दाणे, पालापाचोळा मिळतो, तिला ही कमतरता सहसा होत नाही. पण गर्दीमुळे, मांजरांमुळे किंवा शेजाऱ्यांच्या कटकटीमुळे दिवसभर कोंडून ठेवलेल्या कोंबडीला रात्रीचा उरलेला पांढरा भातच घातला जात असेल, तर तिचं डोकं पाठीकडे वळू शकतं. अशा कोंबडीला बी-1 असलेलं औषध लवकर मिळालं तर बहुतेकदा काही तासांत ते दिवसभरात फरक दिसतो. हा उपचारही आहे आणि चाचणीही. फरक पडला नाही, तर कारण दुसरं आहे.

तिसरी मान गळून पडते. पिळवटत नाही, मागेही जात नाही. चोच जमिनीला टेकते, कोंबडी ती उचलू शकत नाही, पापण्या मिटलेल्या, पाय गेलेले. पिसं ओढली तर सहज हातात येतात. हा बोट्युलिझम, म्हणजे सडक्या मांसात तयार होणाऱ्या विषाचा परिणाम. मेलेली घूस, नाल्याकाठी टाकलेली चिकनच्या दुकानाची घाण, त्यावर वळवळणाऱ्या अळ्या. अळ्यांना त्या विषाने काही होत नाही, पण ते त्यांच्या अंगात साठतं, आणि कोंबडीला अळ्या अत्यंत आवडतात. एकाच सकाळी दोन-तीन कोंबड्यांच्या माना गळाल्या, तर औषधाच्या दुकानात धावण्याआधी गल्लीच्या टोकाला काय मेलं आहे ते शोधा आणि ते पुरा. नाही तर उरलेल्या उद्या जातील.

तिन्ही माना एकाच नावाखाली गेल्या, की भातामुळे आजारी पडलेली कोंबडी कापली जाते, आणि राणीखेतची कोंबडी जीवनसत्त्वाच्या आशेवर आठवडाभर कळपातच ठेवली जाते. नुकसान दोन्हीकडे होतं, पण दुसऱ्या चुकीत सगळी गल्ली जाते.

ऋतूप्रमाणेही संशयित बदलतात. पावसाळ्यात ओल्या खुराड्यात पिल्लांची रक्ती हगवण येते. कॉक्सिडिया या परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात, आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. साध्या फिनाइलने ती मरत नाहीत. म्हणून इथे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे ते रोज तळ खरवडून कोरडा भुसा किंवा राख टाकणं. देवी हा रोग डास पसरवतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या धरतात. उघड्या नाल्यांजवळच्या वस्तीत तो दिसला तर नवल नाही. अंगावरच्या खपल्या तीन-चार आठवड्यांत पडून जातात, पण तोंडात पिवळसर साका धरला तर कोंबडीला गिळता येत नाही आणि ती उपाशी मरते. म्हणून चोच उघडून आत पाहायचं.

एप्रिल-मे वेगळाच. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. धापा टाकून, तोंडातून वाफ घालवूनच ती थंड होते. मुंबईच्या दमट हवेत ही वाफ नीट जात नाही, त्यात वर पत्रा तापलेला. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम कार्बोनेट नीट तयार होत नाही. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात, त्यामागचं एक मोठं कारण हे. दुसरं म्हणजे खाण्यातला चुना. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि नुसत्या भातावर व पोळीच्या तुकड्यांवर ते येणार कुठून? खाडीकाठच्या माणसाला याचं उत्तर विकत आणावं लागत नाही. तिसऱ्यांची, कालवांची शिंपलं धुऊन, उन्हात वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. कोंबडी आपल्याला हवी तेवढी उचलते.

मानखुर्दचा एक प्रश्न मात्र शिंपल्यांनी सुटणारा नाही. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड, 1927 पासून चालत आलेलं. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. मंडाळ्यात भंगाराची गोदामं, आणि तिथल्या आगीही मुंबईकरांनी पाहिलेल्या. कोंबडी चमकणारी वस्तू टोचते आणि दगड समजून गिळते. पेट्यात गेलेला शिशाचा तुकडा, सोल्डरचा थेंब, जुन्या रंगाचा पोपडा तिथे दळला जातो आणि शिसं रक्तात उतरतं. वजन घटणं, पंख लोंबणं, हिरवी विष्ठा, अशी लक्षणं दिसू शकतात. पण पुष्कळदा कोंबडी बाहेरून ठणठणीत दिसते आणि शिसं अंड्याच्या बलकात उतरत राहतं. प्लास्टिक जळताना तयार होणारे डायऑक्सिन मातीवर बसतात, माती टोचणाऱ्या कोंबडीत जातात आणि बलकाच्या चरबीत साठतात. म्हणूनच जगभर प्रदूषण तपासणारे शास्त्रज्ञ मोकळ्या कोंबड्यांची अंडी गोळा करतात. ज्या जागी भंगार फोडलं जातं, बॅटऱ्या उघडल्या जातात किंवा कचरा जाळला जातो, तिथे कोंबड्या चरायला सोडू नयेत, आणि तिथली अंडी लहान मुलांना देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गावठी म्हणून अंडं आपोआप शुद्ध होत नाही. ते कोंबडी जिथे चरली त्या जमिनीचं असतं.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो तपासात पहिल्यांदा विचारायचा असतो. एक आजारी आहे की अनेक? एकच कोंबडी सुस्त असेल आणि बाकीच्या ठीक असतील, तर अंडं अडकणं, पोटात अंडं फुटून झालेला दाह, जखम, जंत अशा गोष्टी आधी पाहायच्या. एक-दोन दिवसांत अनेक मेल्या, त्याही फारशी लक्षणं न दाखवता, तुरे जांभळे पडून, डोकी सुजून, पायांवर रक्ताळलेले डाग घेऊन, तर घरगुती तपास तिथेच थांबवायचा. कापायचं नाही, सोलायचं नाही, नाल्यात फेकायचं नाही.

याचं कारण महाराष्ट्राला नीट माहीत आहे. भारतातल्या पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. शिक्कामोर्तब भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत झालं आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, आणि त्याच सुमारास मुंबईतल्या मेलेल्या पक्ष्यांतही हा विषाणू सापडला. जानेवारी 2025 मध्ये तो आला उरण तालुक्यातल्या चिरनेरला. 1930च्या जंगल सत्याग्रहासाठी आपण ज्या गावाचं नाव घेतो तेच चिरनेर, खाडीपलीकडे नवी मुंबई ओलांडली की लागणारं. तिथे पोल्ट्री फार्म नव्हे, घरोघरच्या कोंबड्या मेल्या होत्या. त्याच हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात, आणि कावळे चिकनच्या दुकानातली आतडी घेऊन मानखुर्दच्या छपरांवर बसतात. इथली कोंबडी या सगळ्यांच्या संपर्कात असते.

बर्ड फ्लू निघाला तर साधारण एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या नष्ट केल्या जातात, त्यामुळे कळवायला लोक घाबरतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण सरकार नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई देतं, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केल्याने मालकाचंच नुकसान होतं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009च्या कायद्यानुसार अशी शंका कळवणं मालकाचं कर्तव्यही आहे. पशुसंवर्धन विभागाची 1962 ही हेल्पलाइन आहे. 2021च्या साथीत मेलेले पक्षी दिसल्यास कळवण्यासाठी मुंबई महापालिकेने 1916 हा क्रमांक दिला होता.

एखाद-दुसरीच मेली असेल आणि बर्ड फ्लूची चिन्हं नसतील, तर शवविच्छेदन करून घेणं हा सर्वांत स्वस्त आणि नेमका तपास आहे. मानखुर्दहून कुर्ल्याला गाडी बदलली की परळ. तिथे 1886 पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय. आधी फोन करून विचारावं. मेलेली कोंबडी फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. हातमोजे घालून किंवा हाताला पिशवी बांधून ती साबणाच्या थंड पाण्यात भिजवावी, म्हणजे पिसांतली ऊब निघून जाते. मग दुहेरी पिशवीत, बाहेरून बर्फ लावून, त्याच दिवशी न्यावी. सोबत एका कागदावर लिहावं: वय, कुठून आणली, कधीपासून आजारी, काय खायला होतं, कोणती लस, कोणतं औषध, कळपात किती आणि मेल्या किती. डॉक्टरांना सुरी हातात घेण्याआधी हाच कागद हवा असतो.

‘कुठून आणली’ या ओळीत पुष्कळदा उत्तर सापडतं. गावच्या आठवडी बाजारातून पिशवीत घालून एसटीने आणलेली कोंबडी त्याच रात्री जुन्या खुराड्यात सोडली जाते, आणि दहा दिवसांत घरघर सुरू होते. नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवायची, तिचं पाणी वेगळं, आणि तिच्याकडे जायचं ते जुन्यांना दाणे घालून झाल्यावर. चाळीत जागा नसते, हे खरं. गच्चीवरचं किंवा जिन्याखालचं डालंही चालतं, फक्त मध्ये काही हातांचं अंतर हवं.

राणीखेतची लस स्वस्त आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, मग आठ-दहा आठवड्यांनी टोचणी. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोणी ती आणत नाही. पण एका गल्लीत पंधरा घरांच्या मिळून ऐंशी-नव्वद कोंबड्या सहज निघतात. एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, सगळ्यांनी मिळून एक कुपी फोडायची. पशुवैद्यक एकदाच बोलवावा लागतो, आणि गल्लीतल्या सगळ्या माना एका वेळी राखल्या जातात.